पुस्तिका आपल्या, हक्क कुणाचे?

मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाताना वाटेत दुसरबीड लागतं. जिजाऊंच्या जन्मगावाकडे निघालेल्या गाड्या १२ जानेवारीला इथूनच पुढे जातात. एरवी आपल्याकडच्या कुठल्याही मोठ्या खेड्यासारखंच हे गाव. कापूस, सोयाबीन, चार दुकानं आणि बऱ्यापैकी चालणारे महिला बचतगट. इथल्या एका गटातल्या पशुसखीकडे बसले होते. चहा झाला आणि तिने कपाटातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक पुस्तिका काढली. शेळीपालनाची. पानं पिवळी पडलेली, शिवण सुटलेली, मधली दोन पानं तर गायबच.

"ताई, ही एकच राह्यली आता. आमच्या ग्रामसंघात नवीन बाया आल्या, त्याइले शिकवायचं तं कशावरून शिकवू?"

ही पुस्तिका एका धर्मादाय संस्थेने काही वर्षांपूर्वी प्रकल्पात वाटली होती. प्रकल्प संपला, तालुक्याचं ऑफिस बंद झालं, साहेब बदलून गेले. फोन लावला तर कुणीतरी दुसरंच उचलतं. मी म्हटलं, अगं, मग झेरॉक्स काढ ना! तिने शेवटचं पान उलटून माझ्यापुढे धरलं. तिथे बारीक अक्षरात छापलं होतं : 'सर्व हक्क राखीव. प्रकाशकाच्या लेखी परवानगीशिवाय या पुस्तिकेतील कोणताही भाग छापता, वापरता किंवा भाषांतरित करता येणार नाही.'

"आता हे लोक सापडत नाहीत, तं परवानगी कोणाले मागू? न विचारता काढली तं चोरी होते काय?"

मैत्रिणींनो, प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर शोधायला लागले तेव्हा लक्षात आलं की हा एका पुस्तिकेचा प्रश्न नाही. आपल्या गावात येणाऱ्या प्रत्येक प्रशिक्षणाचा आहे. शिवणकाम, गांडूळखत, पोषण, कायदा, हिशेब, किशोरींचं आरोग्य अशा कितीतरी विषयांवर संस्था साहित्य तयार करून घेतात. पैसा देणगीदारांचा असतो, कधी परदेशी फाउंडेशनचा, कधी कंपन्यांचा. मोठ्या कंपन्यांनी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावेत, असं २०१३ च्या कंपनी कायद्यात आलं आणि २०१४ पासून ते लागू झालं. तेव्हापासून गावोगावी चकचकीत पुस्तिका जास्तच दिसू लागल्या. पण पैसा समाजाचा, काम समाजासाठी, आणि पुस्तिका मात्र कुलपात! असं का होतं?

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडचा कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्याच्या कलम १७ मध्ये मालकी कुणाची ते सांगितलंय. नोकरीतल्या माणसाने नोकरीचं काम म्हणून काही लिहिलं, तर हक्क मालकाचा, म्हणजे संस्थेचा. पैसे देऊन फोटो, चित्र किंवा फिल्म करून घेतली, तर हक्क करून घेणाऱ्याचा. पण बाहेरच्या लेखिकेकडून मजकूर लिहून घेतला तर? इथे बऱ्याच संस्थांची गल्लत होते. आपण पैसे दिले म्हणजे पुस्तिका आपली, असं त्यांना वाटतं. कायद्याने मात्र मजकुराचा हक्क लिहिणारीकडेच राहतो, जोवर तिने तो लेखी आणि सहीनिशी संस्थेच्या नावे केलेला नाही. त्या करारात मुदत लिहिली नसेल, तर कलम १९ प्रमाणे ती पाच वर्षंच धरतात. कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल, तर फक्त भारतापुरता.

म्हणजे बघा, एकाच पुस्तिकेतला मजकूर एकीचा, चित्रं संस्थेची, आणि फिल्म असेल तर तिचं आणखी तिसरंच. करार कुठल्या फायलीत आहे ते कुणालाच माहीत नाही. आणि हा हक्क टिकतो किती? लिहिणारीच्या हयातीत आणि तिच्यानंतर ६० वर्षं. आमच्या पशुसखीची नातसुद्धा म्हातारी होईल तोवर!

काही जणी म्हणतील, शिकवण्यासाठी झेरॉक्स चालते ना? हो, कायद्यात तशी सूट आहे. कलम ५२ नुसार शिक्षक आणि विद्यार्थ्यांना शिकवण्याच्या ओघात साहित्याची नक्कल करता येते. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्स दुकानावर तीन बड्या परदेशी प्रकाशकांनी २०१२ मध्ये खटला भरला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये तो फेटाळला, डिसेंबरमध्ये दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठानेही शिकवण्यासाठीच्या सुटीचं तत्त्व मान्य केलं आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. पण तिथे विद्यापीठ होतं, अभ्यासक्रम होता. आपल्या गटाचं अंगणातलं शिबिर त्यात बसतं की नाही, यावर वकील वाद घालू शकतात. झेरॉक्सवाल्याला वाद नको असतो, तो सरळ नाही म्हणतो. शिवाय नुसती नक्कल काढून भागतही नाही.

का भागत नाही? आमच्या पशुसखीचंच ऐका. तिच्या पुस्तिकेतल्या शेळ्या दुसऱ्याच मुलखातल्या. आपल्याकडे उस्मानाबादी जास्त. आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी द्यायची, हे त्यात होतं, पण ते शेवटच्या पानावर एका ओळीत. तिला ते पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात हवं होतं. "बाया वाचत नाहीत ताई, ऐकतात. आपल्या बोलीत असलं तं ध्यानात राहते." तिला पुस्तिका दुरुस्त करायची आहे. आणि 'सर्व हक्क राखीव' नेमकं तेच करू देत नाही.

खुला परवाना म्हणजे काय?

यावर जगाने एक उपाय काढलाय. त्याला म्हणतात खुला परवाना. लेखकाने किंवा संस्थेने आपला हक्क न सोडता आधीच जाहीर करून टाकायचं, की हे साहित्य कुणीही वापरा, या या अटींवर. मग दर वेळी परवानगी मागायची गरज नाही. ऑफिस बंद झालं तरी परवानगी चालूच राहते.

यातले सगळ्यात प्रसिद्ध परवाने 'क्रिएटिव्ह कॉमन्स' या संस्थेचे. ती २००१ मध्ये अमेरिकेत सुरू झाली आणि पहिले परवाने २००२ च्या डिसेंबरात आले. भारतात त्याची सुरुवात २६ जानेवारी २००७ रोजी आपल्याच मुंबईच्या आयआयटीत झाली. परवाने एकूण सहा आहेत, पण अटी चारच. त्या समजल्या की झालं.

पहिली अट 'बाय' : मूळ करणाऱ्याचं नाव द्या. ही सहाही परवान्यांत असते. दुसरी 'एसए' : तुम्ही बदल करून जे नवीन कराल, तेही असंच खुलं ठेवा. तिसरी 'एनसी' : धंद्यासाठी वापरू नका. चौथी 'एनडी' : बदललेलं रूप दुसऱ्यांना देऊ नका. ही शेवटची अट ऐकायला बरी वाटते, पण आपल्यासाठी तीच अडचणीची. कारण भाषांतर हासुद्धा बदलच! 'एनडी' लावलेली इंग्रजी पुस्तिका मराठीत करून वाटता येत नाही, मराठी पुस्तिका आपल्या बोलीत करून वाटता येत नाही. संस्था 'आम्ही खुलं केलंय' म्हणते, आणि आपल्यासाठी ते अर्धवटच उघडलेलं असतं. 'एनसी'चंही तसंच. गटाने छपाईखर्चाचे वीस रुपये घेतले तर तो धंदा झाला का, यावर पुन्हा चर्चा. म्हणून प्रशिक्षण साहित्याला 'बाय' किंवा 'बाय-एसए' हे दोनच परवाने सोयीचे.

हे कुणी केलंय का?

केलंय, आणि आपल्या आसपासच केलंय. 'प्रथम बुक्स' ही २००४ मध्ये सुरू झालेली ना-नफा संस्था मुलांची पुस्तकं काढते. तिने २०१५ मध्ये 'स्टोरीवीव्हर' हा मंच सुरू केला आणि त्यावरच्या गोष्टी खुल्या परवान्याने दिल्या. कुणीही गोष्ट घ्यावी, आपल्या भाषेत करावी, छापावी. मराठीच नव्हे, तर जिथे मुलांसाठी एकही छापील पुस्तक मिळायची मारामार, अशा बोलींतही तिथे गोष्टी झाल्या. आज भाषांची संख्या काही शेकड्यांत आहे. एका संस्थेला एवढ्या भाषा स्वतः करणं जमलंच नसतं.

आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प सरकारी पैशातून चालला. त्यात आरोग्य आणि पोषणाची मालिका आहे. बाळाला छातीशी कसं धरायचं, वरचं अन्न कधी आणि कसं सुरू करायचं, हे छोट्या व्हिडिओंतून दाखवलंय, मराठीतही. परवाना 'बाय-एसए'. यांची एक युक्ती मला फार आवडली. व्हिडिओचा मजकूर ते वेगळा लिहून ठेवतात. त्यामुळे चित्र तेच ठेवून दुसऱ्या भाषेतला आवाज भरता येतो.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने, म्हणजे 'टिस'ने, टाटा ट्रस्टच्या मदतीने शाळांसाठी 'क्लिक्स' नावाचा उपक्रम केला. त्याचं साहित्यही खुलं ठेवलं. अमेरिकेतल्या फोर्ड फाउंडेशनने तर फेब्रुवारी २०१५ पासून नियमच केला, की आमच्या अनुदानातून जे तयार होईल ते खुल्या परवान्याने द्या. पैसा देणाऱ्याने पहिल्याच कागदावर अट घातली की पुढचा गोंधळच मिटतो.

आणि परवाने यायच्या कितीतरी आधी डेव्हिड वर्नर यांनी मेक्सिकोतल्या खेड्यांसाठी लिहिलेलं आरोग्याचं पुस्तक आठवा. १९७३ मध्ये ते स्पॅनिशमध्ये आलं. नफा न कमावता कुणीही त्याची नक्कल करावी, आपल्या गावाप्रमाणे बदलावं, अशी मुभा त्यातच छापलेली होती. ते जगभरच्या भाषांत गेलं, हिंदीतही आलं. कित्येक खेड्यांत आरोग्यसेविकांच्या पिशवीत तेच एक पुस्तक असायचं.

ज्ञान वाटलं की काय होतं, याचं आपलं उदाहरण गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत साध्या गावच्या बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात ते छापून आलं आणि २०११ मध्ये सरकारने हीच पद्धत आशाताईंमार्फत देशभर नेली. आज दुसरबीडची आशा बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन करते, अंग गार पडलंय का बघते, त्यामागे ते गडचिरोलीचं शिक्षण आहे. ते जर त्याच ३९ गावांच्या कपाटात राहिलं असतं तर?

पण भीतीही खरी आहे

खुलं करा म्हणणं सोपं. संस्थांच्या बाजूनेही बघायला हवं. एका कार्यकर्तीने मला विचारलं, "औषधाचा डोस कुणी चुकीचा बदलला आणि आमचं नाव खाली राहिलं तर?" भीती रास्त आहे. परवान्यात याची सोय आहे. बदल केला असेल तर 'बदल केला आहे' असं लिहावंच लागतं, आणि मूळ संस्था आपलं नाव काढून टाकायलाही सांगू शकते. तरीही औषधांच्या मात्रांचं पान वेगळं ठेवावं, त्यावर तारीख घालावी आणि 'हे पान डॉक्टरांना दाखवल्याशिवाय बदलू नका' असं ठळक लिहावं. परवाना शहाणपणाची जागा घेत नाही.

दुसरी भीती पोटाची. लिहिणाऱ्या, चित्रं काढणाऱ्या बऱ्याचदा बायकाच असतात आणि त्यांना मानधन आधीच कमी. खुलं म्हणजे फुकट, असं कुणी समजू नये. वाचणारीला फुकट मिळावं, पण करणारीला पुरता मोबदला मिळायलाच हवा, तोही काम होताच. पुढे दर प्रतीमागे पैसे येणार नाहीत हे धरूनच रक्कम ठरवावी. समाजसेवेच्या नावाखाली बाईचं काम फुकटात घ्यायची आपल्याकडे जुनी खोड आहे. तिला खुल्या परवान्याचं नवं निमित्त मिळायला नको.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पुस्तिकेतले फोटो कुणाचे असतात? आपलेच. 'कर्जातून सावरलेली', 'नवऱ्याच्या मारातून सुटलेली' अशा कहाण्या कुणाच्या? आपल्याच. खुला परवाना एकदा दिला की परत घेता येत नाही. तो फोटो मग कुठेही, कशावरही जाऊ शकतो. परवाना फक्त लेखन-चित्राच्या हक्काबद्दल असतो, त्या बाईच्या अब्रूबद्दल नसतो. तिची संमती वेगळी, तिला समजेल अशा भाषेत घ्यायला हवी. 'सही करा ताई, फॉर्म भरायचाय' एवढं पुरत नाही. नाजूक विषय असेल तर फोटो नकोच, रेखाचित्र द्या, नाव बदला.

आणि नावाचंच बोलायचं तर आणखी एक. या पुस्तिकांतलं कितीतरी ज्ञान गावातल्या बायकांकडूनच गेलेलं असतं. कोणता पाला शेळी आवडीने खाते, बी कसं राखायचं, बाळंतिणीला काय खाऊ घालायचं. प्रशिक्षक येतात, बसतात, लिहून नेतात. पुस्तिकेवर नाव संचालकांचं, सल्लागाराचं, देणगीदाराचं. बाया मात्र 'लाभार्थी'! ज्यांनी सांगितलं त्यांची नावं, त्यांना चालत असेल तर, पहिल्या पानावर यायला हवीत. 'बाय' या अटीचा खरा अर्थ तोच ना?

आपण काय करू शकतो?

पुढच्या वेळी गावात संस्था येईल, प्रकल्पाची पहिली बैठक होईल, तेव्हा सतरंजीवर बसल्या बसल्या चार गोष्टी विचारा. एक, या पुस्तिकेचा परवाना कोणता आणि तो पुस्तिकेवर छापणार का? दोन, आम्हाला ती बदलता येईल का, बोलीत करता येईल का? तीन, आमचे फोटो आणि आमच्या गोष्टी कुठे कुठे जाणार? चार, पुस्तिकेची मूळ फाइल ग्रामसंघाला मिळेल का?

हा चौथा प्रश्न विसरू नका. जुन्या मराठी पुस्तिका डीटीपीच्या वेगवेगळ्या फाँटमध्ये केलेल्या असतात. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडलं की अक्षरांचा नुसता खिचडा. नुसती पीडीएफ दिली तर वाचता येते, दुरुस्त करता येत नाही. मजकूर युनिकोडमध्ये हवा, चित्रं वेगळी हवीत. एका पेनड्राइव्हमध्ये मावतं सगळं.

संस्थेत काम करणाऱ्या मैत्रिणींना तर फक्त एक वाक्य छापायचंय : 'हे साहित्य क्रिएटिव्ह कॉमन्स बाय-एसए ४.० परवान्याखाली खुले आहे. मूळ संस्थेचे नाव देऊन, बदल केल्यास तसे नमूद करून आणि याच परवान्याखाली कोणीही ते छापू, बदलू व वाटू शकते.' पण हे छापण्याआधी लेखिकेशी आणि चित्रकाराशी लेखी करार झालेला हवा. जे आपल्या मालकीचं नाही, ते आपल्याला खुलं करता येत नाही.

आणि ज्या जुन्या पुस्तिका कुलपात अडकल्यात त्यांचं काय? इथे कायद्याने एक दार उघडंच ठेवलंय. हक्क असतो तो शब्दांच्या मांडणीवर आणि चित्रांवर, माहितीवर नाही. लोणच्याच्या पुस्तकातलं पान जसंच्या तसं छापता येत नाही, पण लोणचं कसं घालायचं हे कुणीही आपल्या शब्दांत सांगू शकतं. शेळीला लस कधी द्यायची, हे कुणाच्या बापाच्या मालकीचं नाही.

हे सांगितलं तेव्हा आमच्या पशुसखीचे डोळे चमकले. "म्हणजे मी माह्या शब्दांत लिहिलं तं चालते?" मी म्हटलं, चालतं, आणि मग ते तुझंच. परवा तिचा फोन आला. दोनशे पानी वहीतली सोळा पानं लिहून झालीत. लस पहिल्या पानावर. चित्रं गटातल्या एकीच्या पोरीने काढलीत, तिला गटाच्या पैशातून पाचशे रुपये दिले. जनावरांच्या डॉक्टरांकडून तपासूनही घेतलं.

"आणि परवाना?" मी विचारलं.

"लिहिला ना ताई. मागच्या पानावर. कोणीबी झेरॉक्स काढा, आपल्या गावापरमाणं बदला, अन् आमच्या गटाचं नाव ठेवा." मग स्वतःच हसली. "फक्त नावं ठेवू नका म्हणा!"